जुलैतलं जाणं

"जुलैत जाताय ना काकू?" पाचव्या मजल्यावरच्या रुचाने दारातूनच विचारलं, आणि कुमुद "हो" म्हणून गेली. हो म्हणता म्हणता सवयीने हातही पुढे झाला आणि त्या हातात एक पिशवी आली. "आईचे गुडघ्याचे पट्टे आहेत. सांगलीत मिळतात म्हणा, पण तिला इथलेच लागतात. तासगावात पोचलात की फक्त एक मिस्ड कॉल द्या, दादा येऊन घेऊन जाईल. जड नाहीत हां, धरून बघा." कुमुदने धरून बघितलं. खरंच जड नव्हते. "थँक्यू काकू, तुमचं नेहमीचंच झालंय हे," असं म्हणत रुचा लिफ्टकडे पळाली, खाली तिची टॅक्सी थांबली होती. दार लागलं, कॉरिडॉरमधला दुपारचा गरम वारा फटीतून पायाला लागून गेला, आणि मग कुमुदच्या लक्षात आलं की या वर्षी आपण तासगावला, माहेरी, जात नाही आहोत. आपण केनियाला चाललोय. नाकुरू नावाच्या तळ्याकाठी, गेंडे बघायला.

खोटं तरी काय बोललो, असं तिने स्वतःला विचारून बघितलं. जुलैत जाणार आहोत हे खरंच होतं. पण इथे जाणं या शब्दाला पुढे गावाचं नाव लावावं लागत नाही. एप्रिल लागला की बर दुबईच्या गल्लीत फुलं घेताना, मीना बाजारात, कुणाच्या सत्यनारायणाला गेलं तर प्रसादाच्या वाटीसोबत तीच विचारपूस, कधी जाताय? कुठे, ते कुणी विचारत नाही. जाणं म्हणजे तिकडे आणि येणं म्हणजे इकडे, वाट एकच, पायाखालची. आणि जाणारं माणूस कधी एकटं जात नाही, त्याच्या बॅगेतून अख्खी बिल्डिंग जाते. कुणाच्या सासऱ्यांचा चष्मा, कुणाच्या बाळंतिणीचे बदाम, कुणाच्या भावाला शुगर तपासायचं मशीन. नाही म्हणायची पद्धत नाही. आज मी तुझं नेते, उद्या माझं कुणी नेईल. कुमुदच्या आईला गेलेली मऊ शाल अशीच कुणाच्या बॅगेतून गेली होती, पावडरचा डबा कुणा अनोळखी पोराने पुण्यापर्यंत मांडीवर नेला होता. तेव्हा ते 'हो' कुमुदच्या तोंडून आलं असं तरी कसं म्हणायचं? या घरात तीसेक वर्षं राहणाऱ्या कुठल्या तरी बाईच्या तोंडून आलं. पिशवी हातात घेऊन ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग हॉलमध्ये येऊन आपल्या खुर्चीत बसली आणि पिशवी पायाशी ठेवून तिने अर्धवट राहिलेली साडी पुन्हा मांडीवर घेतली.

साडी दुकानाची होती. मीना बाजारातल्या एका दुकानासाठी ती साड्यांना फॉल लावून द्यायची. काम डोळ्यांचं, पण डोक्याला मोकळीक देणारं. सुई आत जाते, बाहेर येते, काठ संपता संपत नाही. समोर डायनिंग टेबलाशी केया लॅपटॉप उघडून बसली होती आणि तिच्या खांद्यामागे भानुदास, चष्मा कपाळावर चढवून, स्क्रीनपासून लांब मान धरून. भानुदास हमरिया फ्री झोनमधल्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत होता. शनिवारी अंघोळ करूनही त्याच्या अंगाला थिनरचा किंचित वास असायचाच, आणि कुमुदला तो वास घराचा वाटायचा.

"आई, लुक. ही रूम लेक-फेसिंग आहे. बट या दुसऱ्या लॉजमध्ये झेब्राज लॉनवर येतात," केया म्हणाली. केया शारजातच जन्मली, वाढली, आता दुबईत नोकरीला लागली होती. तिचं मराठी घराच्या उंबऱ्याएवढं होतं. ओलांडलं की इंग्रजी.

"मला लॉनवर झेब्रा नको," भानुदास म्हणाला. "सकाळी चहा घेऊन बसलो आणि त्यानं बिस्किट मागितलं तर?"

"बाबा, दे डोंट ईट बिस्किट्स."

"तू विचारलंस त्याला?"

"ओ माय गॉड, आई, याला सांग ना काहीतरी."

"गेंडा तेवढा दिसला पाहिजे," भानुदास आपल्याच नादात म्हणाला. "गेंडा आमच्या साहेबासारखा असतो. समोर उभं राहून सांगा, काहीही सांगा, ढिम्म."

कुमुद हसली. हसताना सुई थांबली नाही. माणसं बरी होती तिची, फार बरी होती. आणि तरीही त्या टेबलापासून या खुर्चीपर्यंतचं अंतर पार करून येताना त्यांचे शब्द वाटेत थकत होते, उन्हात चालून आलेल्या माणसासारखे येऊन नुसते बसत होते. तेवढ्यात केयाच्या फोनवर लियाकतचा व्हॉइस मेसेज वाजला. बर दुबईतला हा तिकीटवाला त्यांची दर जुलैची तिकिटं काढायचा. आता त्याच्याच ओळखीने ही सफारी ठरत होती. "भाभीजी, सलाम. लॉजवाला शाम तक रुकेगा, उसके बाद खलास. जुलाई में सब फुल है. नैरोबी से जीप, तीन-साढ़ेतीन घंटा, आराम से. ठंड रहेगी, स्वेटर रखना." मग थोडा थांबून, कामाचा सूर सोडून, "वैसे भाभीजी, इस बार पूना नहीं? अम्मा ठीक तो हैं ना?" केयाने त्याला उत्तर म्हणून अंगठा पाठवला. अंगठा कशाला होता, स्वेटरला की अम्माला, ते कुणी विचारलं नाही.

अम्मा ठीक तो हैं ना. आई ठीकच होती. पोटाला खात होती, शोभनाने, म्हणजे कुमुदच्या वहिनीने, न्हाऊ घातलं की गुमान न्हात होती. फक्त तिची ओळख हळूहळू सुटत गेली होती, आधी शेजारीपाजारी, मग नातवंडं, मग श्रीनाथ, तिच्याच घरात तिच्याच पोटचा, ज्याला ती कधी दूधवाला समजायची, कधी मास्तर. श्रीनाथ फोनवर हसून सांगायचा, "ताई, आज मला मास्तर म्हणून नमस्कार केला बघ आईनं. शाळेत असताना तर कधी मास्तर खूश नव्हते माझ्यावर."  गेल्या जुलैत कुमुद गेली तेव्हा ती मनाची तयारी करूनच गेली होती. ओळखणार नाही हे माहीत होतं. माणूस जेवढ्याची तयारी करतं तेवढंच घडत नाही, एवढंच.

खिडकीशी कॉटवर आई बसली होती, आणि तिचे हात गोधडीवर चालू होते. बोटांनी काहीतरी उचलायचं, बघायचं, एकीकडे टाकायचं. पुन्हा उचलायचं, दुसरीकडे टाकायचं. कुमुदला कळायला वेळ लागला नाही. आई बेदाणा निवडत होती. सबंध उमर तिने तासगावच्या शेडमध्ये बेदाणा निवडला होता, हिरवा पिवळा एका बाजूला, काळा पडलेला दुसरीकडे, काडीचा वेगळा. गंधकाच्या धुरीचा वास तिच्या लुगड्याला असायचा, वेणीला असायचा, रात्री कुशीत घेतलं की कुमुदच्या नाकात जायचा आणि शिंक यायची. शेडमध्ये बायका ओळीने बसायच्या आणि हात चालता चालता कुणीतरी ओवी धरायचं. आई दुसऱ्यांच्या ओव्या म्हणत नसे, आपल्या करायची. कुमुद लग्न होऊन इकडे आली त्या वर्षी तिने एक केली होती, आणि ती कुमुदला कुणी पत्रातून कळवली नव्हती, पुढच्या खेपेला शेडमधल्या बायकांनीच तिला दारात अडवून म्हणून दाखवली होती:

लेक माझी दूर देशी, मधी पान्याचा पसारा
इमानाच्या दादा माझ्या, जरा हळूच उतरा

विमान चालवणारा तो कोण कुठला, त्याला आईने दादा करून टाकला होता. तेव्हापासून दर जुलैत पुण्याला विमान खाली यायला लागलं, पोटात तो पोकळ झोका आला, की कुमुद ही ओळ मनात म्हणायची. आणि गेल्या जुलैत त्या कॉटशी उभी राहून ती "आई" म्हणाली तेव्हा आईने मान वर केली, नीट बघितलं, आणि पदर सारखा करून म्हणाली, "बसा. लांबनं आलाय जनू. शोभने, पानी दे गं पावन्यास्नी."

"आई, मी कुमुद."

आईला ते आवडलं नाही. कपाळाला आठी पडली. मग पाहुणी आहे, चुकली असेल, असं काहीसं मनाशी करून तिने ती आठी पुसली. "कुमुद माझी लेक हाय," ती समजावून सांगायच्या सुरात म्हणाली. "ती दुबईला असती. येतीया आता. जुलैत येती ती, पोरीच्या शाळंला सुट्टी पडली की. ऱ्हावा चार दिस, भेट हुईल तुमची."

आणि कुमुद राहिली. तिथे राहिली त्या दिवसांत आई तिच्याशी फार चांगली वागली. पाहुण्यांशी वागावं तशी. कुमुद बाहेर जाऊन पुन्हा आत आली की आईचे डोळे तिच्यावर यायचे आणि तिच्या खांद्यावरून मागे जायचे, मागून आणखी कुणी येतंय का ते बघायला. दर वेळी. भाजी घेऊन आली तरी, दोरीवरचे कपडे काढून आणले तरी. खांद्यावरून पलीकडे जाणारी ती नजर कुमुदच्या अंगाला अजून आठवत होती, मानेपाशी, डाव्या बाजूला, कुणी हलकेच फुंकर घालावी तशी. आणि आई पाहुणीला लेकीचं कौतुक सांगायची. लई गुनाची. शाळंत पयली न्हाई आली कधी, पन हात असा, की सुई दिसायची न्हाई. जरा रागीट हाय, बापावर गेलीया. असलं काही आईने कुमुदला जन्मात सांगितलं नव्हतं. कौतुक तोंडावर करायचं नसतं ना. ते सगळं आता ती ऐकत होती, दुसऱ्या कुणाची म्हणून. निघायच्या दिवशी ती पाया पडली तर आईने दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले आणि मग तिला जवळ ओढून, शोभनाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "कुमुद भेटली तिकडं तर सांगा, आई वाट बगती म्हनावं. पन घाई करू नगं म्हनावं. लेकराची शाळा आसंल."

यातलं काहीच कुमुदने इथे सांगितलं नव्हतं. विमानतळावर भानुदास घ्यायला आला होता, बाहेर रात्रभर तापलेला डांबरी वास, काच खाली केली की तोंडावर येणारी वाफ. "कशा आहेत?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "ओळखलं नाही." एवढंच. पुढचं सांगायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंड उघडायला जे लागतं ते तिच्यापाशी त्या दिवशी नव्हतं. भानुदासने गिअरवरचा हात उचलून तिच्या हातावर ठेवला. शारजा येईपर्यंत तो हात तिथेच होता. मग ते छोटंसं वाक्य घरात राहायला लागलं, वाढायला लागलं. कुणी विचारलं की तेच पुढे करायचं, ओळखत नाही हो. लोक च्यक् च्यक् करायचे, हात धरायचे, विषय बदलायचे. थंडीत केया म्हणाली, "आई, आय डोन्ट मीन इट इन अ बॅड वे, पण आजीला तर कळतच नाही कोण आलं. मे बी धिस जुलाय, वी डू समथिंग फॉर यू?" आणि भानुदास, ज्याच्या सगळ्या सुट्ट्या त्याच्या अण्णांच्या आजारपणात आणि तिच्या आईच्या दारात गेल्या होत्या, ज्याने इतक्या वर्षांत रास अल खैमाच्या डोंगराखेरीज फिरायला म्हणून दुसरी जागा बघितली नव्हती, तो एकदम लहान पोरासारखा म्हणाला होता, "आफ्रिका?" त्याच्या त्या चेहऱ्यापुढे नाही म्हणवलं नसतं. पण खरं बघायचं तर कुमुदला नाही म्हणायचंही नव्हतं. आतून, अगदी आतून, तिला हलकं वाटलं होतं. एक जुलै असा, की ज्यात आपण दारातून आत येतोय आणि कुणी आपल्या मागे बघत नाहीये.

म्हणून तिला ते तळं आवडायला लागलं होतं. रात्री जेवणं झाल्यावर केया फोनवर दाखवायची. पिवळ्या सालीची झाडं, काळपट पाणी, काठाशी गुलाबी रेघ. फ्लेमिंगो पाखरांची रेघ. त्यांना मराठीत अग्निपंख म्हणतात, भानुदासने कुठूनसं शोधून काढलं होतं, आणि दोन दिवस तो शब्द घरभर म्हणत फिरला होता. कुमुदने ती पाखरं बघितलेली होती, इथेच, रास अल खोरच्या खाडीत. हिवाळ्यात हायवेने जाताना डावीकडे एकदम ती गुलाबी ओळ यायची, बघा बघा म्हणेपर्यंत पूल यायचा आणि ओळ संपायची. कधी थांबलो नाही. थांबायचं असतं हे कधी सुचलं नाही. नाकुरूचं पाणी बऱ्याच वर्षांपासून वाढत चाललंय, केया वाचून दाखवायची. जुने रस्ते पाण्याखाली गेलेत, जुनं गेट गेलं, काठची झाडं पाण्यात उभ्या उभ्या मेलीत. पाणी वाढलं की त्याचा खारेपणा कमी होतो, आणि मग पाखरं उठून दुसऱ्या, जास्त खाऱ्या तळ्याकडे जातात. "सो देअर माइट नॉट बी दॅट मेनी," केया म्हणाली होती, आईची निराशा होऊ नये म्हणून. कुमुदला उलट बरं वाटलं होतं. जिथे खारं आहे तिथे जाणारी पाखरं. तिच्या मनात एक ओळ येऊन बसली होती, तळ्याकाठी उभी पाखरं, पाय बुडवून गुलाबी. दुसरी ओळ आली नाही. फॉल लावता लावता, भात निवता निवता ती वाट बघायची, पण दुसरी ओळ यायची नाही. आईला आली असती.

सुईचा दोरा संपला. नवा ओवताना पायाला पिशवी लागली. कुमुद उठली. "येते मी वर जाऊन," ती म्हणाली. टेबलाशी कुणी मान वर केली नाही, तिथे आता भानुदास आणि केया जीपला छप्पर उघडं असतं की बंद यावर भांडत होते. "छप्पर उघडं आणि वरून माकड आलं तर?" "बाबा, वन मोअर तर अँड आय एम लीव्हिंग यू विथ द मंकी."

पाचव्या मजल्यावर रुचाचा नवरा सुजीत दारात आला, बनियनवर, कानात फोनची नळी अडकवून. कुमुदने पिशवी पुढे केली. "रुचाने दिली होती. मी घेतली, पण चुकून घेतली. आम्ही या वर्षी तिकडे जात नाहीये. केनियाला चाललोय. सफारी."

"केनिया!" सुजीतने कानातली नळी काढली. "वा काकू, मस्त! एकदम बेस्ट केलंत. आम्हीही दरवर्षी म्हणतो, आणि दरवर्षी सांगली." पिशवी घेता घेता तो म्हणाला, "मग आजींकडे कधी?"

"आजी ओळखत नाहीत आता कुणाला."

"अच्छा. ओह." त्याने मान हलवली. "मग बरोबर आहे. मग काय, जाऊन तरी काय करणार. यू डिझर्व्ह अ ब्रेक, काकू."

मग बरोबर आहे. लिफ्ट न घेता कुमुद जिन्याने उतरायला लागली. जिन्यात एसी नव्हता, भिंती आतून तापलेल्या, कुठल्याशा मजल्यावर कुणी मासे तळत होतं. सुजीतचं काही चुकलं नव्हतं. सगळे असंच म्हणत होते, मग बरोबर आहे. इतक्या पटकन म्हणत होते. त्या वाक्याला आता कुठे कड राहिली नव्हती, जिन्याच्या कठड्यासारखं ते हातांनी गुळगुळीत झालं होतं, आणि त्याला धरून माणूस न बघता खाली उतरत जात होता. ती एका पायरीवर बसली. गुडघे दुखत नव्हते, दम लागला नव्हता, तरी बसली. आई कुठे विसरली आहे? आई तर सगळं विसरून तेवढंच धरून बसली आहे. नवरा गेलेला विसरली, पोरगा समोरचा विसरली, आणि जुलै तेवढा विसरली नाही. या जुलैत दारातून कुणीच येणार नाही. पाहुणीही नाही. कुणाच्या खांद्यावरून बघणार ती? नजर टेकायला एक खांदा तर पाहिजे. मासे तळण्याचा वास दाट झाला. खालून कुणीतरी दोन-दोन पायऱ्या चढत आलं, "एक्स्क्यूज मी आंटी" म्हणून बाजूने निघून गेलं. कुमुद कठडा धरून उठली.

घरात शिरली तेव्हा मगरिबची अजान सुरू झाली होती आणि समोरच्या बिल्डिंगच्या काचांत उजेड तांबूस होऊन लटकला होता. केयाच्या हातात कार्ड होतं. "आई, परफेक्ट टायमिंग. लेक-फेसिंग फायनल. शॅल आय पे?"

"थांब जरा."

"लियाकतभाई दोनदा विचारून गेले, आई."

"ती वाट बघते," कुमुद म्हणाली.

"कोण? लॉजवाली?" भानुदासने विचारलं.

"आई."

मग ती तिथेच, सोफ्याच्या पाठीला हात टेकून, उभ्या उभ्या सगळं बोलली. फार वेळ लागला नाही. वर्षभर जे उचलवत नव्हतं ते बोलायला एवढंसंच निघालं. पाणी द्यायला सांगितलेलं, लेकीचं कौतुक, खांद्यावरून जाणारी नजर, आणि निघतानाचा निरोप. अजान संपली. केया कार्ड दोन बोटांत फिरवत होती.

"बट यू सेड, शी डिडन्ट रेकग्नाइझ यू."

"मला ओळखलं नाही गं. मला विसरलेली नाहीये ती."

केयाने कार्ड टेबलावर ठेवलं. मग हळू, कुणाला लागू नये असं म्हणाली, "आई, डोन्ट गेट मी राँग. तू गेलीस, तरी शी'ल स्टिल बी वेटिंग. तू समोर बसलेली असशील आणि ती वाटच बघत असेल. सो... जाऊन काय होणार?"

"माहीत नाही मला."

"दॅट्स नॉट अ रीझन."

"नाहीच आहे."

भानुदासने चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा उघडा, जरा सुजल्यासारखा दिसायचा. "वर्षभर बोलली नाहीस," तो म्हणाला.

"दमले होते."

"आणि आता?"

"आताही दमलेय हो."

तो उठला, तिच्यापाशी आला, पण हात लावला नाही, बाजूच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. "आपण ऑक्टोबरात जाऊ. तळं कुठे पळून जातंय?"

"नाही. तुम्ही दोघं जुलैतच जा. तुमचं ऑक्टोबर मला माहितीये, ते कधी येत नाही. तुमच्या आयुष्यातली एक सुट्टी तुमची असू दे."

"आणि तुझ्याशिवाय मी गेंड्याशी काय बोलू?"

"साहेबाशी बोलता तेच. ढिम्म राहिला तर वाईट वाटून घेऊ नका."

भानुदास हसला. केयाने नाकाने जोरात श्वास घेतला, लॅपटॉपकडे वळली. "टू ॲडल्ट्स," ती स्क्रीनला म्हणाली. मग थोड्या वेळाने, मान न वळवता, "लियाकतभाईंना तुझं पुण्याचं तिकीट पण सांगते. विंडो?"

"चालेल."

कुमुद बेडरूममध्ये गेली, दिवा न लावता पलंगाच्या कडेला बसली आणि शोभनाला व्हिडिओ कॉल लावला. हल्ली हे फोन लवकर संपायचे. आई, मी कुमुद, म्हटलं की आई चिडायची. कुमुदचा आवाज मला ठावा हाय, तिचं सोंग कुनी करू नगा, म्हणून फोन बाजूला ढकलायची. मग शोभना ओशाळून म्हणायची, असू द्या ताई, आज दिवस बरा नव्हता त्यांचा. आताही आधी छत दिसलं, पंखा दिसला, शोभनाचा आवाज आला, "आत्ती, फोन हाय, बगा की हिकडं," आणि मग पडद्यात आईचा अर्धा चेहरा आला, एक डोळा, पांढरी भुवई, कपाळावरचं गोंदण.

"कोन?"

 बाहेर हॉलमध्ये भानुदास हळू आवाजात काहीतरी विचारत होता आणि केया हळू आवाजात सांगत होती. खिडकीबाहेर अंधारलं होतं.

"मी कुमुदची मैत्रीण," ती म्हणाली. "दुबईहून बोलतेय. गेल्या साली आले होते तुमच्याकडे."

 आईचा डोळा जवळ आला, आणखी जवळ, पडदाभर झाला. आणि मग तो चेहरा उकलला. कपाळ, गाल, दात नसलेलं तोंड, सगळंच.

"आगं बया, तुमी व्हय! हितं कॉटापाशी बसला हुता न्हवं? बिनसाखरंचा च्या घेता तुमी." खरंच आठवलं, की पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, ते कुमुदला कळलं नाही. पण चहा ती बिनसाखरेचाच घ्यायची. "बऱ्या हायसा न्हवं?"

"बरी आहे. तुम्ही?"

"म्या? म्या बरी. वाट बगतीया." आईचा आवाज खाली आला, दोघींतलं काही असावं तसा. "कुमुद भेटली का वो तिकडं? येनार हाय का जुलैत?"

"हो," कुमुद म्हणाली. "येणार आहे."

"मग तुमी बी या की तिच्यासंगं. लांबची वाट, एकलीला जड जाती तिला. याल न्हवं?"

"येते."

आईने तोंड फिरवलं. पडद्यात आता तिचा कान होता, कानातली बुगडी, आणि पलीकडे कुणाला तरी हाक मारणारा, घरच्या बाईचा, सगळं ठाऊक असलेला खणखणीत आवाज. "शोभने, ए शोभने! जुलैत दोघी येनार हायत गं. कुमुद आनि ह्या. दोघींचं आंथरून काडून ठिव."

"काढते, आत्ती," शोभना म्हणाली.